माझं चुकलं म्हणणारी कौसाक्का

भांगेच्या धंद्यात बायकांनी वर कसं चढावं, यावर हल्ली शहरातल्या मोठ्या हॉटेलांत भाषणं होतात. परवा अशाच एका भाषणाचं बोलावणं माझ्या फोनवर आलं. खाली कोट घातलेल्या हसऱ्या बायकांचे फोटो आणि प्रत्येकीच्या नावाखाली तिचा हुद्दा. मी एकेक फोटो मोठा करून पाहिला. कौसाक्का त्यात असणं शक्य नव्हतं, हे ठाऊक असून पाहिला. मग फोन पालथा घातला आणि उगाच भांडी आपटत बसले.

भांग म्हटलं की आमच्याकडं लोकांना एकतर महाशिवरात्र आठवते, नाहीतर पोलीस. तिसरं काही असू शकतं हे पटवता पटवता माझी तीन-चार वर्षं गेली. देवगाव फाट्यावरून आत गेलं की एका गावाच्या शिवारात पुण्याच्या एका कंपनीचं छोटं युनिट होतं. गावाचं नाव लिहीत नाही, माझं तिथं येणंजाणं अजून आहे. उत्तरेकडच्या पहाडात सरकारी परवान्यानं भांग पिकवतात, तिथून वाळल्या ताटांचा वाख गठ्ठ्यांनी आमच्याकडं यायचा. वाख म्हणजे सालीचे धागे, आपल्या अंबाडीचे निघतात तसेच. नशा असते ती पानाफुलांत, धाग्यात काही नाही. हा वाख विंचरून सूत काढायचं, सुताच्या पिशव्या आणि दोऱ्या करायच्या. कामाला गावातल्या तीसेक बाया आणि ऑफिसात मी. बिलं करायची, गाड्या लावायच्या, साहेबांचे फोन घ्यायचे. सेलूहून जीपनं जायचे तर ड्रायव्हर दोन गावं आधीपासून ओरडायचा, "गांजा फॅक्टरीवाल्या कोन हाइत, फुडं सरका." मी दर वेळी त्याच्याशी भांडायचे. कौसाक्का माझ्याच जीपमध्ये असली तर निवांत उतरायची आणि त्याला म्हणायची, "उद्या येताना तुह्यासाठी पुडी आनते बरं का." जीपभर हसू फुटायचं आणि तो गप्प बसायचा.

ती झाडायच्या कामावर लागली होती. नवरा कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली गेलेला. त्यानंतर दोन हंगाम ती दिराच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून राबली. उसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटी बाई म्हणजे अर्धा. ती हे सांगताना डावा तळहात आडवा धरून मधोमध उजव्या बोटानं रेघ मारायची. "अर्धी," म्हणायची. मूलबाळ नव्हतं. थोडं कोरडवाहू रान होतं आणि एक बैल. दुसरा बैल दिराचा. दोघांच्या सावडीत, बैल एकत्र जुंपून, दोन्ही रानं पेरून निघायची.

उंच, रुंद हाडाची, चालायची तर पाठीमागं धूळ उठायची. केसांत कायम वाखाचे धागे अडकलेले, त्यामुळं चाळिशीतच म्हातारी दिसायची. तिला कुणी वाखाचा कस विचारला की ती एक धागा ओठांवरून हळूच ओढायची आणि डोळे मिटायची. साहेबांनी त्यासाठी एक महागडं मशीन आणलं होतं. ती त्या मशीनचाही मान राखायची, आधी त्याचा आकडा बघायची, मग ओठावरून धागा फिरवायची आणि दोघांचं जुळलं की मशीनला म्हणायची, "हुशार हाइस." सुपरवायझर झाल्यावर तिला फिरती खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवर तिला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. अंगावर पिणारं लेकरू असलेल्या बायांनी तिथं बसायचं, असा तिचा हुकूम होता. साहेब पाहणीला आले तेव्हा सुपरवायझरच्या खुर्चीत एक ओली बाळंतीण लेकराला पाजत बसलेली, आणि कौसाक्का शेजारी उभी राहून भाकरी खात होती. साहेब दारातूनच मागे फिरले.

सुरुवातीच्या दिवसांत दिरानं दारात उभं राहून तिला अडवलं होतं. भाऊबंद जमलेले. गांजाच्या कामाला जाशील तर आमचा तुझा संबंध नाही, असं त्यानं सुनावलं. तिनं कनवटीचा वाखाचा पुंजका काढला, सगळ्यांसमोर तोंडात घातला आणि चावत बसली. बराच वेळ चावला. मग म्हणाली, "बगा. खाल्ला. नाचायले का मी?" ती घरात गेली, दोन घागरी पाणी आणलं, भाकरी थापल्या, पुन्हा बाहेर आली. "अजूनबी नाचंना गेले. जाऊ का कामाला?" त्या प्रसंगाला गाव पुढं बरेच दिवस हसत होतं. हसण्यात एक आवाज असाही होता की हिला सवय असेल. तो आवाज आम्ही कुणी मनावर घेतला नाही.

पण कौसाक्का म्हटल्यावर मला पहिलं आठवतं ते तिचं एक वाक्य. "जा, माझं चुकलं. हात चालवा."

युनिटात रोज काहीतरी बिघडायचं. विंचरताना गाठ राहून गेली की ती पुढं सूतकताईच्या मशीनमध्ये अडकायची आणि सगळी रांग बंद पडायची. मग बायांची जुंपायची. तुझी गाठ, नाही तुझी, तुझ्या सासूची. भांडण वाढत वाढत कुणाच्या तरी लग्नातल्या आहेरापर्यंत जायचं. तेवढ्यात कौसाक्का येऊन मधोमध उभी राहायची आणि म्हणायची, "माझं चुकलं. म्या नीट बगितलं न्हाई. हात चालवा." भांडण तिथंच मरायचं. जिची खरी चूक असायची ती मान खाली घालून दिवसभर दुप्पट काम करायची.

एकदा शिल्पा नावाच्या नव्या सुनेच्या हातून मशीनचा पट्टा तुटला. पोरगी वीसबावीसची, घाबरली, कारण तिला घरून जेमतेम परवानगी होती. साहेब नेमके त्या दिवशी आलेले. कुणी केलं, म्हणून त्यांनी आवाज चढवला. कौसाक्का म्हणाली, "मी केलं. माझं चुकलं." साहेबांना खोटं कळत होतं, पण करणार काय. ते गेल्यावर मी चिडून तिला म्हटलं, "अक्का, तू का सारखं अंगावर ओढून घेतेस?"

"चूक कुनाची ते हुडकत बसलं की दुपार जाती वंदे," ती म्हणाली. "मह्यावर घेतली की मिटतंय. मला काय व्हायलंय त्यानं?"

गावकीतही तेच चालतं. बांधाचं भांडण असो नाहीतर पाण्याचं, पारावर चार माणसांत एकानं मान खाली घातली, चुकलं म्हणून नारळ ठेवला की विषय संपतो. खरं कुणाचं होतं, हे नंतर कुणी काढत नाही. काढलं तर काढणाऱ्यालाच नावं ठेवतात. कौसाक्का ही रीत युनिटात घेऊन आली होती आणि तिच्यावरच युनिट चाललं होतं.

तिला एकदा कंपनीनं पुण्याला नेलं. असाच भाषणांचा कार्यक्रम, भांगेपासून वस्तू करणाऱ्या कंपन्यांतल्या बायकांचा. मी सोबत होते. व्यासपीठावर तिला मऊ सोफ्यात बसवलं, ती त्यात इतकी खोल गेली की पुढून फक्त गुडघे दिसत होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं, आपली नेतृत्वाची पद्धत काय? कौसाक्कानं माइक तोंडाला लावला आणि म्हणाली, "आमच्या हितं आधी संडास नव्हता. बाया दिवसभर पानी पेत नव्हत्या. म्या साहेबांला म्हनले, संडास बांधा, तवर मी बी पानी पेत न्हाई. दुपारला चक्कर येऊन पडले. मंग बांधला. तवापासून बाया माझं ऐकत्यात." टाळ्यांचा कडकडाट झाला. परतीच्या गाडीत ती मला म्हणाली, "लय टाळ्या वाजवल्या गं. त्यांच्या हितं बी संडास नव्हता काय?"

त्याच गाडीत तिनं मला मनातलं सांगितलं. कंपनी युनिटचं प्रमुखपद गावातल्याच माणसाला देणार होती. दिवाळीच्या आधी एक मोठी ऑर्डर जायची होती. ती वेळेवर गेली तर साहेब तिला प्रमुख करणार होते. दरवाजा असलेली खोली, दारावर नाव, आणि कुणाला कामावर घ्यायचं ते ती ठरवणार. "मला पायजे ती खुर्ची," ती म्हणाली. "खोटं कामून बोलू? एकदा मह्या हातात आलं ना, तर ह्या बायांतली एकबी पुन्ना कोयता धरनार न्हाई. शिल्पाचं लेकरू फडात जन्माला येनार न्हाई." खिडकीतून बाहेर बघत ती बोलत होती आणि मी तिच्याकडं बघत होते. माणसाला इतकं काही हवं असलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग पोळा आला.

बैलांना पोळ्याला नवी म्होरकी, म्हणजे तोंडाभोवती बांधायची दोरी, नवी वेसण, नवा कासरा लागतो. पूर्वी हे सगळं अंबाडीचं असायचं, आता बाजारात नायलॉनचं मिळतं. नायलॉननं बैलाचं नाक सोलतं, हे कौसाक्काला सहन व्हायचं नाही. विंचरताना उरलेला आखूड वाख कंपनी फेकून देते, तो तिनं साहेबांना मागून घेतला. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत बायांनी त्याला पीळ देऊन म्होरक्या वळल्या, लाल-हिरवे गोंडे लावले आणि गावातल्या प्रत्येक बैलाला एक, अशा घरोघर वाटल्या. तिचा हिशोब साधा होता. गावाच्या बैलानं आपली म्होरकी घातली की गाव आपलं झालं. बायांना कुणी अडवणार नाही, ऑर्डर वेळेवर जाईल. वाख कसला आहे हे तिनं लपवलं नाही. कुणी विचारलंही नाही, कारण ती कुठं कामाला जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पोळ्याच्या संध्याकाळी वेशीत ते बैल काय देखणे दिसत होते. लोक तिला हाक मारून सांगत होते. ज्ञानोबा तात्यांचा बैल सगळ्यात पुढं, मानाचा. त्यालाच घरोघर ओवाळतात, घरोघर घास देतात. पुरणपोळी, खिचडा, घुगऱ्या, कुणीच नाही म्हणत नाही आणि बैल तरी का म्हणेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं पोट ढोलासारखं फुगलं. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत बैलानं पाय झाडले. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, अति खाण्यानं झालंय, पोळ्याला असं दरसाल कुठं ना कुठं होतं. पण म्होरकीचं एक टोक चावलेलं होतं. ते टोक ज्ञानोबा तात्यांनी हातात धरलं आणि सगळ्यांनी पाहिलं.

आदल्या दिवशीपर्यंत त्या म्होरक्या होत्या. बैल मेल्यावर त्या गांजाच्या झाल्या. दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या बैलांच्या तोंडावरून त्या उतरल्या आणि कौसाक्काच्या दारात ढीग पडला. गोंड्यांसकट.

बायांचं येणं थांबलं. घरच्यांनी थांबवलं. आमची मशीनं रिकामी उभी, ऑर्डर अर्धी. साहेब फोनवर म्हणत होते, आठवड्याभरात काम सुरू झालं नाही तर दुसरीकडं बघावं लागेल. कौसाक्का घरोघर गेली. मी तिच्यासोबत गेले, अति खाण्यानं झालंय हे डॉक्टरांचं म्हणणं सांगत. लोक मला बसायला घोंगडी टाकायचे, तिला नाही. शिल्पाच्या सासऱ्यानं दार अर्धं उघडून सांगितलं, "आधी बैलाचं काय ते मिटवा."

तेव्हा तिनं ठरवलं. मी विरोध केला होता. मी म्हटलं, "अक्का, तुझी काही चूक नाही, मग का?" ती म्हणाली, "चूक कुनाची ते हुडकायला टाइम हाय का आपल्याला?"

मारुतीच्या पारावर भर दुपारी गाव जमलं. कौसाक्का आपला बैल घेऊन आली. तिनं त्याला धुतलं होतं. ज्ञानोबा तात्यांच्या पायाशी नारळ ठेवला, दावं त्यांच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं चुकलं. मह्या म्होरकीनं तुमचा बैल गेला. हा घ्या. पन बायांला कामाला येऊ द्या." ज्ञानोबा तात्या रडायला लागले. म्हातारा माणूस, तोही मनानं वाईट नव्हता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कुणीतरी म्हणालं, "मिटलं मंग. उद्यापून जाऊ द्या बायांला." विषय संपला. गावाच्या बाजूनं तो खरंच संपला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया आल्या, मशीनं सुरू झाली, आणि कौसाक्का रांगेतून फिरताना मला म्हणाली, "बग. मिटतंय का न्हाई?"

तिचा बैल आता दुसऱ्याच्या गोठ्यात होता आणि ती हसत होती.

पारावर कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही, हल्ली लोक सगळ्याचंच करतात. ते फिरत फिरत पुण्याला पोहोचलं. साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांच्यासोबत कंपनीचे वकील होते. मी स्पीकर लावला. वकील शांतपणे म्हणाले, आपल्या मालानं जनावर मेलं असं आपल्याच सुपरवायझरनं गावासमोर कबूल केलंय. आता खरेदीदार ऑर्डर रद्द करतोय. याचा खुलासा काय?

कौसाक्का टेबलावर दोन्ही हात टेकून उभी होती. "साहेब, कबूल न्हाई केलं," ती म्हणाली. "मिटवलं."

"पण तुम्ही म्हणालात की तुमच्या म्होरकीनं बैल मेला."

"म्हनावं लागतंय साहेब. म्हनल्याबिगर मिटत न्हाई."

"मग ते खोटं होतं?"

ती माझ्याकडं बघायला लागली. तिला खरंच कळत नव्हतं की ते काय विचारतायत. मी मध्ये पडून डॉक्टरांचं सांगितलं, गावची रीत समजावली, माझा आवाज चढला. वकील म्हणाले, चित्रणात डॉक्टर नाहीत. साहेब काही बोलले नाहीत. ते तिला ओळखत होते, त्यांना सगळं कळत होतं, आणि ते बोलले नाहीत. शेवटी कौसाक्का फोनकडं वाकून म्हणाली, "बरं साहेब, माझं चुकलं. मला काडून टाका. बायांला काम करू द्या." वकिलांनी तेही लिहून घेतलं असणार.

त्यांनी तिला काढलं आणि युनिटही हलवलं. मशीनं न्यायला ट्रक आला. हमालांना ती नीट बांधता येईनात, तेव्हा कौसाक्का कुणी न बोलावता आली आणि एकेका मशीनला दोरी कशी घालायची ते सांगत राहिली. पट्टा सैल ठेवा, इथं फडकं लावा, रस्ता खराब हाय. फिरती खुर्ची सगळ्यात वर बांधली. बाया कुंपणाशी उभ्या होत्या. मी तिथंच मोठ्यानं रडले, मला लाज वाटली नाही. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, जणू मी काम सोडून टाइम घालवत होते.

दिरानं सावड मोडली. बैलच नाही तर सावड कसली. तिचं रान तसंच पडून राहिलं.

मला सेलूला एका दुकानात काम मिळालं. दसरा झाल्यावर एकदा फाट्यावर बसची वाट बघत होते, तर उसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर थांबलेला दिसला. ट्रॉल्यांत पत्रे, चुली, कोंबड्या, लेकरं, आणि त्या सगळ्यावर बाया. आमच्याच बाया. अर्ध्याअधिक ओळखीच्या. मागच्या ट्रॉलीत अगदी कडेला कौसाक्का बसली होती, मांडीवर कोयता, फडक्यात गुंडाळलेला. केस स्वच्छ विंचरलेले. धागा एकही नव्हता. मी रस्ता ओलांडायला निघाले.

तेवढ्यात ट्रॉलीवरून ज्वारीचं पोतं खाली पडलं आणि फुटलं. दोरी सुटली होती. मुकादम खाली उतरला, फाट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागला, "कुनी बांदलं हे? कुनाच्या हातचं हाय?" शिल्पा ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला होती, पोटुशी, पांढरी पडलेली. तिचं बांधणं होतं हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. आणि मग त्या सगळ्या बायांनी, एकजात, कौसाक्काकडं पाहिलं. मीही रस्त्याच्या मधे उभी राहून तिच्याकडंच पाहत होते. माझ्या ओठांवर ते वाक्य आधीच आलं होतं.

कौसाक्कानं कोयत्यावरचं फडकं नीट केलं.

"मी न्हाई," ती म्हणाली. "तिनं बांदलं." आणि हात लांब करून शिल्पाकडं बोट दाखवलं.

मुकादम शिल्पावर ओरडत राहिला. ती खाली उतरून, पोट सांभाळत, मातीतली ज्वारी गोळा करू लागली. दोघीतिघी तिच्या मदतीला उतरल्या. कौसाक्का बसून राहिली. ट्रॅक्टर हलला तेव्हा मी हात वर केला. तिनं मला पाहिलं होतं, नक्की पाहिलं होतं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि पाठ केली.